दोघांचीही ताकद १८०, मग फरक कशात? फोर-स्ट्रोक स्नोमोबाईल समजून घेताना

अमेरिकेतल्या येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दारावर हिवाळ्यात तिकीट द्यायला बसणाऱ्या रेंजरच्या केबिनमध्ये एकेकाळी ताजी हवा आत सोडायची सोय करावी लागली होती. चहूकडे पाइनचं जंगल, गुडघाभर बर्फ, मैलोन् मैल कारखाना नाही, आणि माणसाला श्वास घ्यायला मात्र हवा पंपाने पुरवायची! २००२ च्या हिवाळ्यात तर काही रेंजर तोंडावर श्वसनाचे मुखवटे चढवून कामाला उभे राहिले. समोर लागलेल्या स्नोमोबाईलच्या रांगेतून निघणारा निळा धूर हे त्यामागचं कारण.

तो धूर आपल्याला काही नवा नाही. सिग्नलला जुन्या चेतकच्या किंवा रिक्षाच्या मागे उभं राहिलेल्या कुठल्याही पुणेकराने तो छातीत भरून घेतलेला आहे. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑईल मागून घ्यायचं, ते पेट्रोलबरोबरच जळायचं आणि त्याचाच तो निळा पदर मागे तरंगत राहायचा. त्या वेळच्या जवळजवळ सगळ्या स्नोमोबाईलना असंच टू-स्ट्रोक इंजिन होतं. फोर-स्ट्रोक स्नोमोबाईलची गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होते ती या धुरापासून.

ज्यांनी ही गाडी फक्त गुलमर्गला पाहिली आहे (किंवा घासाघीस करून तिच्यावर दोन फेऱ्या मारल्या आहेत) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढे दोन स्की, मागे चाकांच्या जागी रबराचा रुंद पट्टा, नाकाखाली इंजिन आणि हातात मोटरसायकलसारखं हँडल. थ्रॉटल मात्र मुठीने पिळायचा नाही, अंगठ्याने दाबायचा. इंजिनाची ताकद पट्ट्यापर्यंत नेणारी व्यवस्था किनेटिक होंडासारखी किंवा आजच्या ॲक्टिव्हासारखी: दोन पुली, मध्ये व्ही-बेल्ट. वेग वाढेल तशा पुल्या उघडतात-मिटतात आणि गिअर आपोआप बदलल्यासारखा होतो. या बेल्टकडे पुढे परत यायचं आहे.

आता दोन इंजिनांमधला फरक. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टनच्या खाली-वर होण्यातून गोल फिरणाऱ्या दांड्याच्या) प्रत्येक फेरीला सिलिंडरमध्ये एक ठिणगी आणि एक धक्का. जळका वायू बाहेर काढण्यासाठी वेगळी फेरी नसते. आत येणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रणच त्याला ढकलून बाहेर काढतं, आणि त्या धक्काबुक्कीत थोडं ताजं पेट्रोलही न जळता सायलेन्सरमधून निसटतं. शिवाय क्रँककेसमधूनच (क्रँकभोवतीच्या पेटीतूनच) मिश्रण खेळवलं जात असल्यामुळे तिथे ऑईल साठवून ठेवता येत नाही. ते मिश्रणाबरोबर जातं आणि जळतं. फोर-स्ट्रोकमध्ये धक्का दोन फेऱ्यांतून एकदाच. उरलेली फेरी साफसफाईला आणि नवा श्वास घ्यायला मोकळी. ऑईल खालच्या सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत, सुखात राहतं. धूर कमी, पेट्रोल कमी, आवाज खालच्या पट्टीतला.

मग सगळ्यांनी पहिल्यापासून हेच का वापरलं नाही? कारण या शहाणपणासाठी व्हॉल्व्ह लागतात, कॅमशाफ्ट लागतो, टायमिंग चेन, ऑईल पंप, मोठा हेड लागतो. म्हणजे वजन. आणि धक्के निम्मे मिळत असल्यामुळे तेवढीच ताकद काढायला इंजिनही मोठं लागतं. म्हणजे आणखी वजन. रस्त्यावर गाडीचं वजन डांबर सांभाळून घेतं. बर्फात सांभाळणारं कोणी नसतं. भुसभुशीत ताज्या बर्फात जड नाकाची गाडी बैल चिखलात रुतावा तशी रुतते, आणि मग अडीच-तीनशे किलोंचं धूड फावड्याने उकरून काढायचं असतं.

एक मजेशीर बाजू रिव्हर्सची. टू-स्ट्रोक इंजिन उलटं फिरू शकतं. स्की-डू आणि पोलॅरिस या कंपन्यांच्या टू-स्ट्रोक गाड्यांत बटण दाबलं की इंजिन जवळजवळ बंद पडेपर्यंत मंदावतं, नेमक्या क्षणी ठिणगी वेळेआधी पडते आणि क्रँक उलट दिशेला फिरू लागतो. वेगळा गिअर लागतच नाही. फोर-स्ट्रोकचे व्हॉल्व्ह ठरलेल्या क्रमाने उघडतात, त्यामुळे ते उलटं चालत नाही. त्याला रिव्हर्ससाठी खरेखुरे गिअर बसवावे लागतात. पुन्हा वजन. या गाड्यांबद्दलची कुठलीही चर्चा फिरून फिरून इथेच येते.

चार कंपन्या, चार माहेरं

माहितीपत्रकात हॉर्सपॉवर, सीसी आणि किंमत यांचे रकाने असतात. मला विचाराल तर त्यात एक रकाना हवा आणि तो कधीच नसतो: हे इंजिन मुळात कशासाठी बनलं होतं? त्या एका उत्तरातून गाडीचा निम्मा स्वभाव कळतो.

आर्क्टिक कॅटपासून सुरू करू, कारण येलोस्टोनच्या गोंधळात तिने पहिल्यांदा हात घातला. मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्स गावची ही कंपनी. नव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिने येलोस्टोनसाठी खास म्हणून फोर-स्ट्रोक गाडी काढली. इंजिन सुझुकीचं, ६६० सीसीचं, तीन सिलिंडरचं, म्हणजे जपानमधल्या चिमुकल्या मोटारींच्या वर्गातलं. आपल्या मारुती ८०० चं इंजिनही सुझुकीचं आणि तीनच सिलिंडरचं होतं, तेव्हा स्वभावाची कल्पना करा. गरीब, टिकाऊ, वेळेवर सुरू होणारं, पण अंगात जोर नाही. भाड्याने गाड्या देणाऱ्यांना ते फार आवडलं, शौकिनांना मुळीच नाही. पुढे त्याला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) लावून ताकद ११० हॉर्सपॉवरपर्यंत नेली.

शौकिनांचं मन फिरवलं यामाहाने. २००३ सालचं मॉडेल म्हणून तिने आरएक्स-१ आणली आणि तिच्यात चक्क आर-१ या रेसिंग मोटरसायकलच्या घराण्यातलं ९९८ सीसीचं चार सिलिंडरी इंजिन बसवलं. प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, एकूण वीस. फोर-स्ट्रोक म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी हा समज त्या एका हिवाळ्यात मोडला.

पण मोटरसायकलचं इंजिन बर्फात आणताना अडचणी आल्या, आणि त्या सोडवण्याची यामाहाची पद्धत मला फार आवडते. हे इंजिन दहा हजारांच्या वर आरपीएम घेतं. बेल्ट आणि पुल्यांना तो वेग झेपत नाही. म्हणून क्रँक आणि क्लच (म्हणजे बेल्टची पुढची पुली) यांच्यामध्ये गिअरची एक जोडी घालून वेग कमी केला. दुसरं, गार बर्फात अंगठा सोडला की फोर-स्ट्रोक गाडी दोरी ओढल्यासारखी मागे खेचते, कारण इंजिनच ब्रेक लावतं. टू-स्ट्रोकवर वाढलेल्या लोकांना ते अजिबात रुचेना, तेव्हा काही मॉडेलांच्या क्लचमध्ये एका बाजूला मोकळं फिरणारं बेअरिंग बसवलं. तिसरी अडचण नाकावरच्या वजनाची. स्की वळवताना हात भरून यायचे. २०११ च्या अपेक्स मॉडेलला यामाहाने इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग दिलं. स्नोमोबाईलमध्ये ते पहिलंच. वजन कमी करता आलं नाही म्हणून ते हाताला जाणवू नये याची सोय केली. याला प्रामाणिकपणा म्हणायचं की पळवाट, हे तुम्ही ठरवा. एका गोष्टीत मात्र या इंजिनांना तोड नव्हती. ती मरत नसत. व्हॉल्व्हची फट तपासायची ती ४०,००० किलोमीटरवर, असं कंपनीचं वेळापत्रक. टू-स्ट्रोकवाला तोवर पिस्टन बदलायच्या गोष्टी करू लागलेला असतो.

स्की-डूचा रस्ता वेगळा. क्यूबेकमधल्या व्हाल्कूर गावचा जोसेफ-आर्मान्ड बोम्बार्डिए हा या धंद्याचा मूळपुरुष. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्याच्या लहान मुलाला वेळेत इस्पितळात नेता आलं नाही आणि ते मूल दगावलं. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग तो आधीपासून करत होताच, पुढे त्यातूनच १९५९ साली स्की-डू आली. आज ही कंपनी बीआरपी नावाने चालते आणि ऑस्ट्रियातली इंजिनं बनवणारी रोटॅक्स तिच्याच मालकीची आहे. दुसऱ्याचं इंजिन आणून बसवायचं आणि मग त्याच्याभोवती गाडी शिवायची, असं तिला करावं लागत नाही.

याचा फायदा एसीई नावाच्या मालिकेत दिसतो. आधी दोन सिलिंडरचं ६०० एसीई: ताकद साठेक हॉर्सपॉवर, पण कंपनीच्या दाव्याप्रमाणे लिटरला बारा किलोमीटरच्या आसपास. बर्फात पट्टा ओढणाऱ्या गाडीसाठी हा आकडा थक्क करणारा आहे. मग तीन सिलिंडरचं ८९९ सीसीचं ९०० एसीई, सुमारे नव्वद हॉर्सपॉवरचं. २०१९ मध्ये त्यालाच टर्बो लावून १५०, आणि २०२२ मध्ये टर्बो-आर नावाने १८०. एकाच सांगाड्यावर दुप्पट ताकद. या इंजिनांत अंगठ्याचा थ्रॉटल तारेने जोडलेला नसून इलेक्ट्रॉनिक आहे. त्यामुळे इको, स्टँडर्ड, स्पोर्ट असे स्वभाव बटणावर बदलतात. पोराच्या हातात गाडी देताना इको लावून द्यायची, एवढं तरी करता येतं. याच कंपनीची फिनलंडमधली बहीण म्हणजे रोव्हानिएमीची लिंक्स. तिथल्या उत्तरेत रेनडिअर राखणारे लोक आणि पर्यटकांना फिरवणारे वाटाडे तीच इंजिनं कामाला जुंपतात. त्यांना १८० ची हौस नसते. ओझ्याची घसरगाडी मागे बांधून दिवसभर हळू चालता आलं पाहिजे, आणि अशा चालीत टू-स्ट्रोकचा धूर नाकातोंडात जातो. फोर-स्ट्रोकचा खरा संसार अशाच ठिकाणी आहे, असं मला वाटतं.

पोलॅरिसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मिनेसोटातल्या रोझो गावची ही कंपनी, तीही आर्क्टिक कॅटपासून शंभरेक किलोमीटरवरच. पोलॅरिसच्या संस्थापकांपैकी एडगर हेटीन घर सोडून निघाला आणि त्यानेच आर्क्टिक कॅट सुरू केली, म्हणजे हे मुळात भाऊबंदकीचं भांडण. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र पोलॅरिसचं मन कधी रमलं नाही. आधी फ्रंटिअर नावाची गाडी, मग २००६ पासून जर्मनीतल्या वेबरचं ७५० सीसीचं इंजिन आणि त्याला टर्बो, मग सगळंच बंद. २०२३ च्या मॉडेलांत एस-फोर नावाचं दोन सिलिंडरचं इंजिन घेऊन ती परत आली. त्याचं गोत्र कंपनीच्या चारचाकी ऑफ-रोड गाड्यांचं. प्रवासाच्या आणि कामाच्या गाड्यांसाठी ठीक, रेसच्या गप्पा त्यावर मारू नयेत.

दोन रंग, एक कारखाना

आता शीर्षकातल्या १८० कडे. गेल्या काही वर्षांत कट्ट्यावर खरी लढत रंगायची ती निळ्या यामाहा साइडवाइंडरची, हिरव्या आर्क्टिक कॅट थंडरकॅटची आणि पिवळ्या-काळ्या स्की-डूच्या ९०० टर्बो-आरची. यातल्या पहिल्या दोन गाड्यांवरून मित्रामित्रांत अबोला झालेला ऐकिवात आहे. गंमत अशी की त्या दोन्ही एकाच कारखान्यात, थीफ रिव्हर फॉल्सला बनत होत्या. सुझुकीशी असलेलं नातं संपत आलं तेव्हा आर्क्टिक कॅटने यामाहाशी करार केला: इंजिन यामाहाचं, सांगाडा आर्क्टिक कॅटचा, २०१४ च्या मॉडेलांपासून. २०१७ मध्ये त्यात ९९८ सीसीचं तीन सिलिंडरी टर्बो इंजिन आलं आणि दोघींनीही ते आपापल्या रंगात विकलं. सस्पेन्शनची जुळणी, सीट, स्की यांत फरक असे. हृदय एकच.

म्हणून तुलना खरी दोनच इंजिनांची. यामाहाचं ९९८ आणि रोटॅक्सचं ८९९. कागदावर दोन्ही १८०. पण यामाहाने आकडा राखून सांगितला होता. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, मोजणाऱ्यांना ते दोनशेच्या आसपास जाताना दिसलं. प्रत्येक सिलिंडरला स्वतःची थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप) असल्यामुळे अंगठा दाबल्यावर टर्बो जागा व्हायची वाट फारशी पाहावी लागत नाही. गोठलेल्या तळ्यावर सरळ रेषेत सोडलं, तर कारखान्यातून आलेल्या गाड्यांत तिला गाठणं कठीण. स्की-डूचं इंजिन लहान आणि गाडी अंगाने हलकी. वळणावळणाच्या जंगलवाटेवर, म्हणजे रात्री यंत्राने दाबून सपाट केलेल्या ट्रेलवर, ती जास्त चपळ वाटते. मला स्वतःला दिवसभर चालवायला दुसरी पसंत आहे. तळ्यावरचे ते दहा सेकंद सोडले तर दोनशे हॉर्सपॉवर वापरायची जागाच मिळत नाही.

टर्बोचं दुसरं काम उंचीवर कळतं. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. तिथे हवा समुद्रकाठापेक्षा जवळपास पाव हिश्शाने विरळ. साधं इंजिन तितकाच कमी श्वास घेतं आणि तितकीच कमी ताकद देतं, म्हणून १०० ची गाडी तिथे ७५ ची होते. टर्बो ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. यावरून कोणी म्हणेल, मग डोंगरात फोर-स्ट्रोक टर्बोच चालवावी. पण खोल बर्फातल्या डोंगर-उतारावर गाडी एका बाजूला कलती धरून न्यावी लागते, आणि तिथे नाकावरचा एकेक किलो दंडाला कळतो. म्हणून कंपन्यांनी डोंगरासाठी उलटा मार्ग धरला: हलक्या ८५० सीसी टू-स्ट्रोकलाच कारखान्यातून टर्बो लावला. आधी स्की-डूने, पाठोपाठ पोलॅरिसने.

त्यातून टू-स्ट्रोकही आता जुन्या चेतकसारखं राहिलेलं नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्यामुळे न जळता निसटणारा हिस्सा खूप घटला. दोघांमधलं अंतर कमी झालं, पण मिटलं नाही. येलोस्टोनने आत येणाऱ्या स्नोमोबाईलसाठी धुराच्या आणि आवाजाच्या मर्यादा घातल्या, आवाजाची मर्यादा पुढे ७३ वरून ६७ डेसिबलवर आणली, आणि त्या यादीत बसणाऱ्या गाड्या मुख्यतः फोर-स्ट्रोकच असतात. या सगळ्या वादातून एक चांगली गोष्ट निघाली. २००० सालापासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी स्वच्छ स्नोमोबाईल बनवण्याची स्पर्धा सुरू झाली आणि ती पुढे मिशिगनमधल्या हॉटन गावी, मिशिगन टेक विद्यापीठात भरू लागली. बर्फात गाडल्या गेलेल्या या गावात पुण्या-मुंबईहून मेकॅनिकल शिकायला गेलेली मराठी मुलं बरीच. घरी टू-स्ट्रोक स्कूटरचा प्लग ब्रशने घासलेल्या मुलाला हा विषय समजावून सांगावा लागत नसणार.

आज घ्यायची झाली तर

नवी फोर-स्ट्रोक घ्यायची तर निवड फार उरलेली नाही. यामाहाने २०२३ मध्ये जाहीर केलं की ती या धंद्यातून बाहेर पडते आहे: जपानमध्ये २०२२ चं, युरोपात २०२४ चं आणि उत्तर अमेरिकेत २०२५ चं मॉडेल शेवटचं. १९६८ पासूनचा पसारा आवरला. त्याबरोबर आर्क्टिक कॅटचं उधारीचं हृदयही गेलं. टेक्सट्रॉनने २०१७ मध्ये घेतलेली ही कंपनी २०२५ मध्ये पुन्हा नव्या मालकांकडे गेली. म्हणजे पूर्ण मालिका आज बीआरपीकडेच, आणि पोलॅरिसचं ते एक इंजिन.

जुन्या बाजारात मात्र निळ्या गाड्या अजून खूप फिरतात आणि मी त्यांना घाबरणार नाही. सुट्या भागांचा पुरवठा चालू ठेवू असं यामाहाने सांगितलं आहे, आणि इंजिन हा त्या गाडीचा शेवटचा मरणारा भाग. तपासायचं ते दुसरंच. बेल्टचे काठ झिजलेत का, पुलीच्या कडांवर काळे ओरखडे आहेत का, पट्ट्याच्या रबराला आतून चिरा गेल्यात का, स्कीखालच्या लोखंडी पट्ट्या किती उरल्यात. जड नाकाच्या गाडीत पुढचं सस्पेन्शन आधी थकतं, तेव्हा स्की धरून हलवून बघा, खडखड नको. ऑईलची कांडी काढून हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल, तर छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन कधी नीट तापलंच नाही असं समजा.

आणि बॅटरी. टू-स्ट्रोकच्या कितीतरी गाड्यांना अजून दोरी ओढून सुरू करायची सोय असते. फोर-स्ट्रोकला बहुधा नसते. उणे तीस अंशात घट्ट झालेल्या ऑईलमधून ते मोठं इंजिन फिरवायचं काम एकट्या बॅटरीचं. जंगलात ती बसली तर लाथ मारून उपयोग नाही आणि ढकलून तर नाहीच. म्हणून सौदा करायला सकाळी लवकर जा, मालकाने गाडी तापवून ठेवायच्या आत, आणि बॉनेटवर हात ठेवून ती गार आहे याची खात्री झाल्यावरच त्याला स्टार्टर मारायला सांगा.